माप

सुभाषनगरच्या बायाक्का सातपुते.
उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, श्रावण संपल्यापासून.
सीपीआरचा एक्स-रे स्वच्छ, नसांचा आलेख स्वच्छ,
तालमीतल्या वस्तादाचं तेल चोळून झालं,
मग माझ्याकडे.

मी विचारलं, दहापैकी किती दुखतं?
"आमच्यात आठ नंबर, नऊ नंबर
पायाला असतोय डाक्तर. दुखण्याला न्हाई."

हसलो.
नाडी मोजून झाली
तरी तिचा हात माझ्या हातात तसाच राहिला.
बाहेर कुणीतरी खोकून आठवण दिली.
बऱ्याच वेळानं, कॅलेंडरकडे बघत:
"त्येनं तळ कापून ठेवलं हुतं. एक जोड.
वेणी माझी राहिली."

एवढंच. दौलूचं नाव तिनं घेतलं नाही,
ते मी केसपेपरवर वाचलं,
तिच्या नावाच्या मधोमध.

गोळी लिहायला कागद ओढला
तर तिनंच तो फरशीवर ठेवला.
"ठेवा पाय. तुमची टाच बाहेरनं झिजतीया,
डाव्या कमरंत कळ येती का न्हाई?"

येते. आठ वर्षं.
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पेन तिनं अंगठ्याच्या बेचक्यात धरलं,
पायाभोवती रेघ निघाली, थरथरत,
करंगळीपाशी अडली, दम खाल्ला, पुढं सरकली.
अंगठ्याजवळ दोन टोकं
जुळली नाहीत.

पुढच्या मंगळवारी या, म्हणालो.

कागद खणात आहे.
मागच्या बाजूला माझं नाव, पदवी,
वेळ सकाळी दहा ते एक.