दोन निषाद

चौघांना मिळून एकच काम आलं होतं:
जानेवारीत, कॅम्पातल्या चर्चमध्ये,
बाखला समोर ठेवून प्रत्येकी सात मिनिटं, नवीन.
वानवडीच्या फ्रेनीने दिवाळीआधीच संपवलं.
पिंपरीचा जेसन रोज रात्री नवा शेवट पाठवायचा.
हृषीकेश म्हणाला, मी फक्त त्याचे श्वास लिहितोय,
सूर त्याचे त्याने आधीच लिहिलेत.

माझ्या कागदावर तीन आठवडे
त्याच्या नावाचे चार स्वर
आणि चहाच्या कपाचं एक वर्तुळ.

तिकडे स्वरांना अक्षरांनी हाक मारतात,
म्हणून त्याला स्वतःची सही वाजवता यायची.
शाल्मलीतून जेमतेम एक मध्यम निघतो,
तोही जोडाक्षरात अडकलेला.

तशात पेटीचा कोमल निषाद मुका झाला.
घेऊन गेले शनिवार पेठेत, खरवंडीकरांकडे.
जिन्याखालचं दुकान. कानशी, पितळेचा चुरा,
भिंतीवर खडूने लिहिलेली उधारी.
त्यांनी सूर बाहेर काढला, नखाने छेडला,
दिसणारही नाही इतकंच खरवडलं.
"वाजवा काहीतरी."

बोटांना दुसरं काही आठवेना.
पांढरी एक धरून
कोमल नी, ध, सा, शुद्ध नी.

"मल्हार? डिसेंबरात?"
नाही हो, हे एका माणसाचं नाव आहे.
"नावातच दोन्ही निषाद?"
हो.
"मग घरात माणसं फार असणार."
वीस मुलं झाली, मी म्हणाले.
ते हसले नाहीत. स्क्रू पिळत राहिले.
"मग हा लिहायचा कधी?"

मी वाचलं होतं ते सांगितलं:
रविवार गाठायचा असायचा,
घरातलेच बसायचे प्रती उतरवत,
शाई वाळायच्या आत.
"म्हणजे आमच्यासारखंच," ते म्हणाले,
"गिऱ्हाईक दारात उभं असलं की हात चालतो."

ऐंशी रुपये झाले.
रिक्षात पेटी मांडीवर; पट्टा नीट लागला नव्हता,
दर गतिरोधकाला भाता
आपणहून उसासा टाकायचा, सुराशिवाय.
लकडी पुलापर्यंत अकरा मोजले.
घरी येऊन चप्पल न काढता तेच आधी लिहिलं.
त्याच्या नावाला पाचव्या मिनिटापर्यंत
बाहेरच बसवून ठेवलं.

जानेवारीत खरवंडीकर आले,
मफलर कानांवरून गुंडाळलेला, शेवटच्या बाकावर.
टाळ्या संपल्यावर लोक मला भेटत होते,
ते पेटीपाशी गेले. वाकून बराच वेळ बघितलं.
"धैवत चढलाय किंचित," म्हणाले.
"सोमवारी घेऊन या."