अर्धा इंच

सुनावणी अकराची होती, साहेब पावणेबाराला आले.
मी इतिवृत्त लिहायला, पंख्याखालच्या खुर्चीत.
भिंतीवर दरांचा नवा तक्ता,
अजून गोंदाचा वास येणारा.

आजवर आपण पाणी मोजलंच नाही, साहेब म्हणाले,
नळी मोजली.
खरं होतं. एकवीस वर्षं त्या पावत्या मीच फाडल्या:
अर्धा इंच, सालाचे अठराशे.
वसमत रोडच्या बंगल्यात अर्धा इंच,
खाली हौद, वर टाकी, गाडी धुवायला गडी.
साखला प्लॉटातल्या एका खोलीतही अर्धा इंच,
नवव्या दिवशी, रात्री अडीचला, पाऊण तास.
कागदावर दोघं सारखे.
माझं अक्षरही दोन्हीकडं सारखंच वळणदार.

म्हणून आता मीटर. जेवढं वापराल तेवढं भराल.
टाळ्या पडल्या. लॉजवाले गप्प बसले.

मग मागून हाजराबी उठल्या.
त्यांच्या गल्लीत चाचणीची मीटरं बसली होती.
पिशवीतून त्यांनी आपलं काढलं,
पान्यानं सोडवून आणलेलं
(हा गुन्हा आहे, मी लिहिलं नाही).
पदरानं तोंड पुसलं, मीटरचं,
आणि फुंकलं.

लाल काटा फिरला.

"नळ यायच्या आधी नुसता वारा येतो, साहेब.
लेकरं उठतात, घागर लावून बसतात.
त्या वाऱ्याचे किती लावले?"

झडपा बसवू, साहेब म्हणाले, अंदाजपत्रकात आहेत.
"कोणत्या सालच्या?" दारातून कुंडलिक रणखांब,
आमचाच व्हॉल्व्हमन. त्याला बोलायची परवानगी नव्हती.

साहेब वाईट माणूस नाही.
येलदरीचं पाणी पायी चालत येत नाही, म्हणाले,
पंपाला वीज लागते, तिचं बिल
कुणीतरी फेडायचंच ना?

"मी कुठं फुकट मागते?
टँकरवाल्याला ड्रमाचे ऐंशी देते.
पण तो ड्रम भरलेला दाखवतो,
मग मी नोट दाखवते.
तुम्ही बी दाखवा."

दुपारी मी कच्च्या कागदावर हिशोब मांडला.
दोनशे लिटरचे ऐंशी,
म्हणजे हजाराला चारशे.
तक्त्यातला सगळ्यात वरचा दर, लॉजचा, साठ.
दोनदा गुणून पाहिलं. शिपायाकडूनही गुणून घेतलं.
शहरातला सगळ्यात महाग नळ
ज्या गल्लीत आहे, तिथं तो नळच नाही,
आणि आमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

इतिवृत्तात लिहिलं:
अर्जदारानं फुंकर मारली. काटा पुढं गेला. नोंद घेतली.
रकान्याचं शेवटी पेन्सिलीनं लिहिलं.
साहेबांनी ते खोडलं नाही, शाईनंही केलं नाही.

मीटर अजून माझ्या टेबलावर आहे.
चहा प्यायला येणारा प्रत्येक जण
एकदा फुंकून बघतो.
आकडा वाढतोय.
बिल कुणाच्या नावानं काढायचं,
तेवढं विचारायचं राहिलं.