पाटी

त्याचा डावा गुडघा मला पाठ आहे.
आतल्या अंगाला यानजीची खूण, सतराव्या वर्षाची,
गोठलेल्या मैदानावर घसरला त्याची.
वाटीखाली शेनयांगचं ऑपरेशन,
उरकलेलं, पोतं शिवावं तसे टाके.
बाहेरून एक बारीक रेघ, सुवॉनची. ती छान शिवलीय.
बाकीचे पासपोर्ट बघतात. मी गुडघा.

ग्रिम्सबीत जानेवारीचा वारा
मासळीबाजार उचलून थेट माझ्या खोलीत आणतो.
क्लबला नाव या गावाचं, मैदान मात्र शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये,
म्हणजे आमची घरची मॅचसुद्धा परगावीच.
पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तो हसला.
नंतर महिनाभर नाही.

शर्टावर श्वेन. स्टँडमधून झुआन.
आडनाव एकाच अक्षराचं, चिनी तोंडात श्वेन, घरात ह्यन,
त्याने टेपच्या रिळावर पेनाने काढून दाखवलं.
आई फोनवर नुसतं रियोंगहो म्हणते.
बाप आन्सानला, बोल्टच्या कारखान्यात, बारा वर्षं.
सुवॉनला असताना तासाभराच्या अंतरावर होता,
पण मुलाची एकही मॅच बापाच्या सुट्टीवर पडली नाही.

चीनकडून दोनदा खेळला.
राष्ट्रगीत सुरू झालं की कॅमेरा सरकत सरकत
नेमका त्याच्या ओठांवर थांबायचा.
आणि सुवॉनला टॅक्सीवाला म्हणाला,
आमची भाषा किती छान बोलता, कुठे शिकलात?
आईच्या पोटात, असं सुचलं त्याला,
पण तोवर मुक्काम आला होता.
मीटरचे पैसे देऊन उतरला.

मी बेळगावची, हे एकदा मालिश करता करता निघालं.
त्याला कुठलं बेळगाव माहीत असायला.
दोघांचंही इंग्रजी उसनं, त्यात सांगितलं:
दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली,
यावरून आमच्याकडे काचा फुटतात.
तो कोपरांवर उठून बसला.
म्हणाला, आमच्या गल्लीत एका सकाळी शिडी लागली,
वरची ओळ खाली आली, खालची वर गेली.
न्हाव्याच्या दुकानाला नवा रंग मिळाला, एवढाच फायदा.
मग कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही.
जेल गार पडलं होतं, तेही नंतर लक्षात आलं.

पाय उचलताना तो मोजतो: हाना, तुल, सेत,
दहाच्या पुढे चिनीत जातो,
कारण दहाच्या पुढे कोच उभा असायचा.
मी मनात मराठीत.
एकोणिसाला आमची हमखास चूक होते
आणि त्याला एक जास्तीचा उचलावा लागतो.

बावीस मॅच, एक गोल. तोही नडगीला लागून.
गारा पडत होत्या, कॉर्नरचा चेंडू आपटून आत गेला,
आणि रबरी मासे नाचवत अख्खा स्टँड
त्याचं नाव चुकीचं ओरडला.
लहानपणी लेले मैदानाच्या कठड्यावरून ओरडायचे,
तशी मीही ओरडले.
काय ते इथे लिहीत नाही.

करार वाढणार नाही हे त्याच्याआधी मला कळलं होतं.
स्कॅनमध्ये जिथे फट हवी
तिथे हाड हाडाला टेकलं होतं.

शेवटची मॅच, एकाहत्तरावं मिनिट.
रेघेपाशी चौथ्या पंचाने पाटी वर धरली.
एकीकडे लाल तेवीस, एकीकडे हिरवे नऊ.
लिपीच नाही, भांडण कशाचं.
तो लगेच निघाला नाही.
लांबून डोळे बारीक करून वाचत राहिला,
पंचाचा हात दुखायला लागेपर्यंत.
मग चालत आला, बाकावर बसला, मोजा खाली केला.
तुझ्या भाषेत तेवीसला काय म्हणतात?
सांगितलं.
त्याने दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तेबीस.
मी दुरुस्त केलं नाही.
बर्फाची पिशवी बांधली,
नेहमीपेक्षा जरा घट्ट.