उलटी बाजू

अशोक चौकातून मिरची भजी आणली.
संपली, पुडी उलगडली,
तर कागदातून अम्माच बघत होती:
आधारची झेरॉक्स, तेलाने आरपार झालेली,
राजव्वा मल्लय्या इराबत्ती,
जन्मसाल, विडी घरकुल, खोली नंबर.

कुणाला दिली होतीस गं?
सुपातून मान वर न करता म्हणाली,
"कुणाला नाही दिली ते विचार.
रेशनला, गॅसला, गटाच्या कर्जाला,
सिमकार्ड विकणाऱ्या पोराला.
साठ पुरी झाली, एवढंच सांगायचं होतं,
तर अख्खी मीच मागितली त्यांनी."

मी पुण्याच्या कंपनीसाठी घरी बसून
नेमकं हेच लिहिते:
साठ पूर्ण, हे सिद्ध व्हावं
आणि जन्मतारीख मुठीतच राहावी.
ब्लॉकचेन म्हटलं, साखळी म्हटलं.
"साखळी? कुणाच्या पायात?"

मग नायनांचे जकार्डचे पत्ते काढले बोलण्यात.
पुठ्ठ्याला भोकं, पत्त्याला पत्ता शिवलेला,
मधलाच एक कुणी बदलला
की मोराची मान तुटायची
आणि खोटेपणा चादरभर दिसायचा.
तीच माळ शंभर मागांवर टांगली
तर कुठला मालक गुपचूप फिरवेल?

"म्हणजे टांगलेली सगळ्यांसमोर.
मग माझं झाकलं काय?"

माळेत नुसती भोकं, अम्मा. सूत तुझ्याकडे.
आठव, नवी नक्षी नायना
कुणाला उघडी दाखवत नसत.
व्यापारी घडीत हात घालायचा,
उलट्या बाजूला बोट ठेवायचा,
इथलं दाखव. आता इथलं.
वीस वेळा टाका खरा निघाला
की मोर न बघताच सौदा.

तिची कात्री थांबली.
पानाचा तुकडा बोटात तसाच.
"आणि किल्ली म्हणतेस ती? फोनात?
फोन गेला तर?
नायना गेले, त्या आठवड्यात
माळा भंगारवाल्याने किलोवर नेल्या.
तो मोर नंतर कुणाला जमला?"

यावर कंपनीत आमची
तीन महिने बैठक चालू आहे,
हे मी तिला सांगितलं नाही.

तिने कागद घेतला,
पान कापायच्या कात्रीने
आपला चेहरा तेवढा चौकोनी कापला,
चंचीत ठेवला,
उरलेलं माझ्याकडे सरकवलं:
"घे. मिरच्यांचे देठ भर यात."