न्यूट्रल

सहकारनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पेटी टेकवली, मेन बंद केला,
पॅसेजमधलं बटण उघडलं
तर आत माझीच गाठ.

त्र्याण्णव साल. काळी टेप मी उलटी गुंडाळायचो,
डावखुरा म्हणून. मिस्त्री ओरडायचे.
अजून तशीच घट्ट,
फक्त बोटाला चिकटते.

खळदकर काकांनी चष्मा कपाळावर सारला:
"म्हणजे हे पाप तुमचं?"
"वायरिंग माझं," म्हटलं, "बाकी बिल्डरचं."

लेकीनं ऑकलंडहून पाठवलेला खोका टेबलावर.
सेलोफेनच्या आत काचेचा चौकोन,
दाबायचं नाही, नुसतं बोट टेकवायचं.
"पण याला न्यूट्रल लागतो, काका,
आणि तो इथं आलेलाच नाही."

तेव्हा कोण आणत होतं बटणापर्यंत न्यूट्रल?
खटक्याचं काम काय, तर तोडणं नि जोडणं.
काम झालं की मेल्यासारखा पडून राहायचा.
हा नवा झोपत नाही.
दिवा विझला तरी आत जागा,
चिमूट चिमूट वीज खात,
वाय-फायला कान लावून.
"मग आमच्यातलाच," काका म्हणाले.

सॉकेटच्या डबीतून स्प्रिंग सारली.
कोपऱ्यात कुठं तरी प्लास्टरचा खडा.
अर्धा तास मी इकडून ढकलतोय,
सोहेल तिकडून ओढतोय,
शेवटी काळी वायर आली, पिठात घोळल्यासारखी.
मेन क्षणभर लावला. पोऱ्यानं टेस्टर टेकवला.
"उस्ताद, पेटत नाही. मेलीय."
"न्यूट्रलवर पेटत नसतो रे.
परतीची वाट ती.
सगळं तिथूनच जातं, दिसत नाही एवढंच."

जुन्या बटणाभोवती भिंत काळवंडलेली,
तीस वर्षांची बोटं.
त्याच्या वीतभर खाली आडव्या-उभ्या रेघा:
हात पुरायचा नाही तेव्हा सुनेत्रा
फूटपट्टीनं दिवा लावायची.
वरचा डाग नव्या प्लेटखाली गेला.
रेघा राहिल्या.

मग तिचा व्हिडिओ कॉल. "बाबा, वर बघा."
आमच्या डोक्यावरचा दिवा तिनं लावला,
विझवला,
लावला.
काका त्याच्याकडे बघत राहिले,
न कळवता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे.

फोन ठेवल्यावर विचारलं,
"रात्री तीनला मी उठलो तर हिला कळणार?"
"कळणार. तिथं तेव्हा साडेदहा."
"म्हणजे ऑफिसात."
हातातलं सेलोफेन चुरचुरत होतं.
"एकदा नाही हो उठत. चारदा उठतो.
असू दे. अंधारातच जाईन,
अकरा पावलं तर आहेत."

अकरा पावलं. मधे उंबरा, पुढे ओली फरशी.

पेटीत झिरोचा एक बल्ब होता,
तापकीर गल्लीत डझनाच्या भावानं घेतलेला.
बाथरूमबाहेरचा पॉइंट रिकामा पडला होता.
कडेकडेनं पट्टी मारली,
बल्ब तिथं लावला
आणि काढलेला खटका पलंगाच्या उशाशी,
झोपल्या झोपल्या हात पुरेल असा.
हा कुणाच्याच फोनवर दिसत नाही.
बिलात धरला नाही.
जिना उतरताना वरून ऐकू आलं:
खट्.
खट्.
जरा थांबून, परत खट्.

पंधरा दिवसांनी परदेशातला नंबर.
मी बिबवेवाडीत, शिडीवर, तोंडात दोन स्क्रू.
"हगवणे काका, स्विच चालतोय ना नीट?
रात्रीचं काहीच दिसत नाही मला.
बाबा उठत नाहीत का आता?"

स्क्रू हातात घेतले.
"झोप लागत असेल," म्हटलं.

"बाई गं, किती बरं वाटलं," ती म्हणाली.
आणि तिकडे कुणाला तरी सांगायलाही लागली,
फोन बंद करायच्या आधीच.

मी खाली ओरडलो, "सोहेल, मेन बंद कर."

"बंदच आहे की, उस्ताद."