पाय भिजत असताना

आधी नाकावरचा हात काढ, वुबित.
वास त्यालाही येतो,
आपल्याआधी येतो, रोज येतो.
तोंडाने श्वास घे. आठवड्यात सवय होईल.
नाही झाली तर निदान चेहऱ्याला कळू देऊ नकोस.

हा अंजुलो. डामोटाच्या पलीकडून आलाय,
पहाटे तीनला निघून, बांधाबांधाने,
कारण रस्त्यावर शाळेची पोरं असतात.

फॉर्म घे. वय तो पन्नास म्हणेल,
मागच्या वर्षीही पन्नासच होतं. लिही.
कधीपासून, ते विचार.
कशामुळे, ते त्यालाच सांगू दे.
मेलेला साप ओलांडला म्हणेल,
चुलत्याचा शाप म्हणेल.
लगेच खोडू नकोस. शापाला रकाना नाही,
समासात लिही.
मग सावकाश सांग, की ही आपली लाल माती,
जिच्यात मका येतो, कॉफी येते, तिचे कण
डोळ्यांना दिसत नाहीत, अनवाणी तळव्यातून
वर्षानुवर्षं आत जातात
आणि पायातल्या पाण्याची वाट बुजते.
मातीने पाय धरले, असं म्हण.
हे त्याला पटेल. तो शेतकरी आहे.

आता बघ. हात न लावता, आधी नुसतं बघ.
घोट्यावरची घडी किती खोल,
बोटं मोजता येतात का,
कातडीवर शेवाळ धरल्यासारखे उंचवटे कुठवर चढलेत.
पुस्तक सांगतं, लाली दिसते का पाहा.
ते पुस्तक गोऱ्या कातडीवरून लिहिलंय.
इथे लाली दिसत नाही, सापडते.
जिथे जखम नाही तिथे हातमोजा काढून
हाताची पालथी बाजू ठेव. मग दुसऱ्या पायावर.
एक चुलीसारखा लागला
तर आज पाय धुवायचा नाही, आधी डॉक्टर.

दचकला ना?
वेदनेच्या रकान्यात खूण करू नकोस.
पोरीच्या लग्नात त्याला गुरांपाशी पान वाढलं होतं.
थांब जरा. हात तसाच राहू दे.

हं, पाणी कोमटच. औषध टोपणभर, जास्त नाही.
साबण घडीत शिरू दे,
बोटांच्या बेचक्यात फडक्याचं टोक घालून
ओल टिपून काढ, बाळाच्या मानेखालची टिपतात तशी.
मग मलम, मग व्हॅसलिन.
टेप माझ्या नवऱ्याची आहे, शिंपी आहे तो, ओली करू नकोस.
डावा एक्केचाळीस. उजवा छत्तीस.

बरा होणार का, विचारेल.
नाही म्हण.
उतरेल, वास आठवड्यात जाईल,
पण रोज धुवायचा, मरेपर्यंत. सगळं आजच सांग.
गोड बोललीस तर पुढच्या महिन्यात
हा बाक रिकामा असेल.

मी पहिल्या दिवशी नाक धरलं होतं.
फानाये नावाची बाई. काही बोलली नाही.
पाय परत फडक्यात गुंडाळला,
चूल पेटती ठेवून आलेय म्हणाली, आणि गेली.
तिचा फॉर्म त्या कपाटात आहे.
वजनापर्यंत भरलेला.

बरं. जोडा.
बाजारातला कुठलाच बसणार नाही.
खाली कागद ठेव, उभा कर त्याला,
आणि पेन्सिल फिरव पायाभोवती, घाई न करता,
हा कागद चांभाराकडे जाईल.
करंगळीवरून ये, टाचेला वळसा घाल,
तळव्याच्या कमानीपाशी आलीस की
बहुतेक तो पाय आखडून घेईल,
हसेल, ओशाळेल.
गुदगुल्या होतात.

लिही: संवेदना शाबूत.
ठळक लिही, गावच्या मुखियाला दाखवता येईल असं.
हा महारोग नव्हे.

आणि रेघ जिथे हलली
तिथून पुन्हा सुरू कर.