पंच क्रमांक दोन

कालव्याच्या पुलाखाली शर्ट सापडला
तेव्हा फौजदारानं मला दुकानातूनच उचललं.
मशीनवर अर्धी बाही तशीच राहिली,
टेप गळ्यात तसाच.

आकाशी टेरीकॉट. डावा खिसा फाटलेला.
वरून तिसरं बटण गायब. छातीवर वाळलेले डाग.
शिपायानं लिहिलं, फौजदारानं वाचून दाखवलं,
खाली माझी सही:
नत्थू उंबरकर, धंदा शिवणकाम, पंच क्रमांक दोन.
पंच क्रमांक एक शाळेतला चपराशी.
त्याला त्या दिवशी चष्मा सापडला नव्हता.

मेला तो सूर्यभान गोहोकार, जिनिंगातला मापारी.
काट्यावर उभा असला की
गाडीवाले पावती न बघता खिशात घालायचे,
असा माणूस.
त्याचं प्रेत दवाखान्यातून यायचं होतं अजून
आणि इकडे तेलघाणीच्या ओट्यावर निकाल लागला होता.

"बेड्यावरच्या सुरपतचं काम हाय."
"पाह्यलं कोनं?"
"पाहा काहाले लागते?"
नवा मास्तर म्हणाला, पुरावा तरी हवा ना.
कोणीतरी म्हणालं, "आडनाव आयकलं नाई का त्याचं?"
सगळे हसले.
मास्तरही थोडा हसला. त्याला खोली गावातच करायची होती.
मी हसलो की नाही
ते आता आठवत नाही म्हणतो मी.

पांढरकवड्याच्या कोर्टात माझी पाळी आली
अडीच वर्षांनी.
जजसाहेब चांगले होते, खोटं कशाला बोलू,
मला बसायला सांगितलं, पाणी पाजलं.
हाच शर्ट? हाच.
सही तुमची? माझीच.
विचारलं तेवढंच बोलायचं,
हे सरकारी वकिलानं पायरीवरच बजावलं होतं.
त्याच्या वकिलाला दुसरी केस होती, तो घड्याळ बघत होता.

शर्टाची कॉलर माझ्याकडे तोंड करून पडली होती.
आतल्या बाजूनं दुहेरी टीप.
तशी टीप या तालुक्यात मीच घालतो.
खैरगावच्या बँडपार्टीचे पाच शर्ट,
एकाच ठाणातले, लग्नसराईच्या आधी.
कोर्नेटवाला सरपंचाचा साळा.
ढोलवाले दोघं भाऊ. एक क्लॅरोनेट.
आणि खुळखुळा वाजवणारा सुरपत.
पाच. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

जन्मठेप झाली.
ओट्यावर पुन्हा बैठक.
फाशी पाहिजे होती म्हणे. जज नवखा म्हणे.
एक म्हणाला, चूक झाली असंन तं?
बाकीचे म्हणाले, इतके लोक चुकतेत का?
सूर्यभानची बायको पाण्याची गुंडी घेऊन थांबली रस्त्यात.
"तोच होता नं?" एवढंच विचारलं तिनं.
बिडी विझली होती एकाची, तो काडी शोधत राहिला.

मग परवा
बेड्यावरून सुरपतची बायको आली, पोराला घेऊन.
पिशवीतून शर्ट काढला. आकाशी.
खिसा धड, पाचही बटणं जागेवर.
"पोराले शाळेत घालाले बारीक करून द्या, मास्तर.
त्याले याले दहा वर्सं हायेत."

मी कॉलर उलटली. दुहेरी टीप.

"हा कोर्टात..."
"देल्ला होता सायबाजवळ.
साहेब म्हने, नंतर दुसरा शिवून घेतला असन.
तुमाले कोनी इचारलं नाई का?"

रागानं नाही म्हणाली.
जसं कोणी विचारतं, एस्टी गेली का.

"नाही," मी म्हणालो.

भिंतीला मापांची वही टांगलेली आहे, त्या वर्षाचीही.
पाच जणांच्या छात्या, पाच जणांच्या बाह्या.
पुलाखालच्या त्या शर्टाची बाही किती होती
मला माहीत नाही.
टेप गळ्यातच होता.

पोरगं समोर येऊन उभं राहिलं,
मी न सांगताच दोन्ही हात पसरून,
मापासाठी.